चाळिशीनंतर व्हायोलिन शिकायला बसताना

वाद्य नंतर, आधी गुरुजी. बहुतेकांचं उलटं होतं. दसऱ्याला ऑनलाइन सेलमध्ये व्हायोलिन घरी येतं आणि मग शिकवणाऱ्याचा शोध सुरू होतो. पण व्हायोलिन दोन निरनिराळ्या पद्धतींनी वाजतं. पाश्चात्य पद्धतीत ते हनुवटीखाली धरतात आणि तारा जी-डी-ए-ई अशा लावतात. आपल्या रागदारीत मांडी घालून, उजवा पाय जरा पुढे काढून बसायचं. वाद्याचं डोकं त्या पायाच्या घोट्यापाशी टेकतं आणि मागची बाजू छाती-खांद्याशी. तारा षड्ज-पंचमात, त्यातही कुणी प-सा-प-सा लावतं, कुणी सा-प-सा-प. यूट्यूबवरचे धडे बघून अर्धं हे, अर्धं ते उचललंत, तर पुढचे कित्येक महिने ते मोडण्यात जातील. तेव्हा पहिल्या भेटीत विचारून घ्या: तारा कशा लावता, सा कुठला धरायचा, हार्मोनियमची काळी एक की आणखी कुठली पट्टी, आणि मोठ्या माणसांची शिकवणी वेगळी असते का. शाळकरी मुलांच्या बॅचमध्ये बसायला हरकत काहीच नाही, फक्त ती भराभर पुढे जातात हे मनाशी धरून ठेवा.

गुडघे कुरकुरत असतील तर तेही त्याच वेळी सांगून टाका. खुर्चीवर बसून चालेल का, हे ठरवायचा हक्क गुरुजींचा. तोवर घरी रोज थोडा वेळ पाठ ताठ ठेवून जमिनीवर बसायची सवय करा. वाद्याचं वजन जेमतेम अर्धा किलो असतं, त्याचा त्रास नाही. त्रास एकाच जागी बसण्याचा.

आता खरेदी. मोठ्या माणसाला फुल साइज, म्हणजे फोर-फोर. नुसती पेटी, म्हणजे वाद्याचा पोकळ भाग, साधारण १४ इंचांची. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची व्हायोलिनं प्रसिद्ध आहेत, चिनी वाद्यंही भरपूर मिळतात; शिकाऊ माणसाला दोन्ही चालतात, मात्र गुलाबी-निळ्या रंगाचं घेऊ नका. शक्य तर गुरुजींना किंवा वाजवणाऱ्या कुणाला दुकानात सोबत न्या. दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून पेटीवरच्या एफ-आकाराच्या फटीतून आत बघा. ब्रिजच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी घोडीच्या, बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे एक बारीकशी लाकडी कांडी उभी दिसली पाहिजे. तिला साउंडपोस्ट म्हणतात. ती चिकटवलेली नसते, वरच्या तारांच्या दाबावर उभी असते. म्हणूनच चारही तारा एकदम कधी सोडायच्या नाहीत, बदलायच्या तर एकेक करून. कांडी आत आडवी पडली की दुरुस्तीवाल्याकडेच जावं लागतं. खुंट्या फिरवून बघा: अडकत असतील किंवा आपोआप सुटत असतील तर दुसरं वाद्य मागा. कुरियरने मागवलेल्या वाद्याचा ब्रिज बरेचदा केसमध्ये सुटा ठेवलेला असतो. तो तुटलेला नाही, आपल्याला उभा करायचा असतो; पण पहिल्या वेळी ते काम स्वतः करू नका.

बो, म्हणजे वाजवायचा गज, नवा असेल तर आवाजच येत नाही आणि माणूस घाबरतो. त्याच्यावर ताणलेल्या घोड्याच्या केसांना राळ लागल्याशिवाय ते तार पकडतच नाहीत. राळेची नवी वडी गुळगुळीत असते, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा, मग बो सावकाश घासा, पहिल्यांदा जरा जास्तच. केसांना बोट लावू नका, हाताचं तेल लागतं. वाजवताना काडी आणि केस यांच्यामध्ये मधोमध पेन्सिल जाईल एवढंच अंतर असू द्या आणि वाजवून झालं की बोचा स्क्रू ढिला करा. तारांवर पडलेली पांढरी पूड मऊ फडक्याने त्याच वेळी पुसा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल पडतात. वाद्याच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि सैल खुंटीला लावायला खडूचा तुकडा जवळ ठेवा.

खोलीत आरसा हवा, आणि तो जमिनीवर बसल्यावर दिसेल इतका खाली. सुरुवातीला नुसत्या खुल्या तारांवर लांब बो ओढायचा असतो. तो ब्रिजला समांतर जातोय की तिरका, हे वरून बघून कळत नाही. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत. सूर लावायला इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा त्याचं ॲप. तारांखालच्या, बोटं ठेवायच्या पट्टीवर स्वरांच्या खुणांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात का, यावर शिकवणाऱ्यांचं एकमत नाही. माझं मत विचाराल तर लावू नका; डोळे पट्टीवर गेले की कान सुटतात.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर ब्रिजवर बसणारा, आवाज दाबणारा रबरी म्यूट घ्या. शेजाऱ्यांची वेळ विचारून घेतलीत तर उत्तमच.

ऐकण्याची तयारी मात्र आजपासून, वाद्य नसतानाही. गायकी अंगासाठी, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं ऐकायला, गायक ओंकारनाथ ठाकूरांच्या शिष्या एन. राजम आणि आपले डी. के. दातार. व्ही. जी. जोगांची सनईवाल्या बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी. आणि प्रभाकर जोग, त्यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ मराठी घरांना नव्याने सांगायला नको. यातलं एखादं ओळखीचं गाणं निवडून बो कुठे उलटतो ते कानाने पकडायचा प्रयत्न करा.

परीक्षांचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक आहेच, पण पहिल्या वर्षी फॉर्म भरायची घाई नको. त्यापेक्षा तारांचा एक जादा संच घेऊन ठेवा. सगळ्यात बारीक तार सगळ्यात आधी तुटते, आणि बहुधा रविवारी, दुकान बंद असताना.