अळंबीचा बीजाणू-ठसा कसा घ्यावा

अळंबीची जात ओळखताना टोपीच्या रंगापासून सुरुवात करू नये. तो पावसाने धुऊन निघतो, उन्हाने विटतो आणि एकाच वारुळावरच्या दोन अळंब्यांतही वेगळा दिसतो. बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, रंग त्या मानाने पक्का असल्यामुळे टोपीखाली गळून साचलेल्या त्यांच्या थरावरून, म्हणजेच ठशावरून, त्याची नोंद आधी करावी.

नमुना ओढून उपटू नये. खुरप्याने भोवतालची माती मोकळी करून बुडासकट काढावा. कोकण-गोव्यात वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिस या वंशातल्या अळंबीचा देठ जमिनीखाली मुळासारखा लांबत जाऊन वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या पोळ्यापर्यंत पोहोचतो, आणि हीच त्याची मोठी खूण आहे. पहिल्या वर्षी मी कोयत्याने जमिनीलगत छाटून टोपलीभर अळंबी आणली. कालवणाला ती पुष्कळ होती, अभ्यासाला एकही नाही. ॲमानिटा या दुसऱ्या वंशातल्या अळंबीच्या बुडाची वाटीसारखी पिशवीही अशीच मातीत राहून जाते, आणि त्या वंशात प्राणघातक जाती आहेत.

घरी आल्यावर पूर्ण उमललेल्या टोपीचा देठ कापावा, कल्ले (टोपीच्या खालच्या बाजूच्या पातळ पट्ट्या) खाली करून ती काचपट्टीवर ठेवावी, वर पाण्याचा एक थेंब सोडावा आणि वाटी पालथी घालून रात्रभर हलवू नये. कागदापेक्षा काच बरी, कारण ती काळ्या व पांढऱ्या अशा दोन्ही कागदांवर धरून ठसा पाहता येतो. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी, ॲमानिटाचा पांढरा, तर गवतात उगवणाऱ्या आणि खाल्ल्यास जोराच्या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा हिरवट येतो. या शेवटच्या जातीचे कोवळे कल्ले पांढरेच असतात, म्हणून डोळे फसतात, ठसा फसवत नाही. मात्र ठशावरून फार तर वंशाचा अंदाज येतो. तेवढ्यावर कोणतीही अळंबी खाण्याजोगी ठरवू नये.

सूक्ष्मदर्शक असल्यास ब्लेडने ठशाची थोडी भुकटी खरवडून १००० पट वर्धनाखाली किमान २० बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रोमीटरमध्ये मोजावी. आयोडीनयुक्त मेल्झर द्रावणात बीजाणू निळे-काळे होतात की नाहीत, हेही लिहावे.

उरलेला नमुना साधारण ४० अंश सेल्सिअसला कडकडीत होईपर्यंत सुकवावा. पावसाळ्यातल्या उन्हावर विसंबल्यास त्याला बुरशी लागते. सुकल्यावर वास आणि रंग जातात, म्हणून ते ताजेपणीच टिपावेत आणि तारीख, ठिकाण व शेजारचे झाड यांच्यासह पाकिटावर लिहून ठशाच्या काचेला तोच क्रमांक द्यावा.