डुप्लिकेट फोटो डिलीट करताना
आधी संपूर्ण फोटो लायब्ररीचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातले चार-दोन फोटो उघडून बघा. सिंक (सगळ्या उपकरणांवर तेच फोटो ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. आयक्लाउड फोटोज ही ॲपलची सिंक सेवा चालू असेल तर मॅकवर डिलीट केलेला फोटो फोनवरूनही जातो.

मॅकच्या फोटोज ॲपमध्ये, मॅकओएसच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून पुढे, 'डुप्लिकेट्स' अल्बम असतो. तिथलं 'मर्ज' (प्रती एकत्र करून एकच ठेवणं) वापरा. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये शिरून फायली हाताने उडवू नका, ॲपचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची नोंद, बिघडतो.

फक्त नाव सारखं म्हणून फोटो डिलीट करू नका. रिझोल्यूशन (फोटो किती पिक्सेलचा आहे) आणि फोटो काढल्याची तारीख जुळवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत बहुधा लहान असते, मूळ फोटोच ठेवा. एकसारखे दिसणारे, पण वेगळ्या क्षणाचे फोटो मात्र स्वतःच्या डोळ्यांनी निवडा. हे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नये. डिलीट केलेले फोटो जातात तो 'रीसेंटली डिलीटेड' अल्बम लगेच रिकामा करू नका, तिथे फोटो 30 दिवस राहतात.