डबलबारीमागचा पडदा आवाजावर कसा नाचवावा

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. त्याच्या मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरने आवाजाबरोबर हलणारी चित्रं टाकता येतात. पडदा नाचत नसला की बहुतेक जण प्रीसेट, म्हणजे चित्राचे तयार साचे, बदलत बसतात. दोष तिथे क्वचितच असतो. लॅपटॉपमध्ये आवाज कोणत्या वाटेने येतो ते आधी बघा.

इथे प्रोजेक्टएम हा आवाजावर चित्रं हलवणारा प्रोग्रॅम धरून सांगतो. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. रायन गाइस यांनी २००१मध्ये विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मिल्कड्रॉप केलं, त्याच्याच डॉट मिल्क फायली हे चालवतं. एकेक फाइल म्हणजे एक प्रीसेट. हजारोंचे गठ्ठे मिळतात, पण एका रात्रीला वीस पुरतात. ते वीस वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर ऐन गजरात, म्हणजे भजनाच्या जलद भागात, भलतंच काहीतरी उगवेल.

आधी घरी गाणं लावून जमवा. लॅपटॉपच्या आत वाजणारा आवाज घ्यायचा तर विंडोजवर इनपुट म्हणून माइक न घेता लूपबॅक निवडा. लिनक्सवर पाव्ह्यूकंट्रोल हा आवाजाची वाट ठरवणारा प्रोग्रॅम उघडा, रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये प्रोजेक्टएमसमोर 'मॉनिटर ऑफ' ने सुरू होणारं नाव निवडा. प्रोजेक्टएम चालू असेल तरच ते तिथे दिसतं. लूपबॅकला सगळं ऐकू येतं, व्हॉट्सअॅपची टिंगसुद्धा, आणि त्या टिंगवर अख्खा पडदा उजळतो. नोटिफिकेशन बंद करा.

आता खळ्यातला, म्हणजे अंगणातला, मांडव. बुवा गातायत, पेटी, पखवाज, झांज, सगळं मिक्सरवर. मिक्सरच्या 'रेक आउट'मधून दोन आरसीए पिनांची वायर काढा. ती लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसू नका. तिथलं इनपुट माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, मिक्सरचा जोरदार सिग्नल त्यात फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. चार्जर लावल्यावर घूं असा आवाज यायला लागला तर ग्राउंड लूप झाला आहे, म्हणजे मिक्सर आणि लॅपटॉपची अर्थिंग ऑडिओच्या वायरीतून जुळली आहे. मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थिंगची पिन मोडून घूं घालवायची युक्ती पावसाळ्यात ओल्या मांडवात जिवावर बेतेल.

आवाजाची लेव्हल ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये बघा. पखवाज जोरात वाजत असताना शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास हवं, शून्याला कधीच लागता कामा नये. थोडा कमी आवाज चालतो, फाटलेला चालत नाही. कारण असं की प्रीसेट आवाजाचा जोर थेट मोजत नाहीत. खालचा, मधला आणि वरचा असे तीन पट्टे करून प्रत्येकाची तुलना त्याच पट्ट्याच्या नुकत्याच होऊन गेलेल्या सरासरीशी होते. नेहमीइतका आवाज म्हणजे १, साधारण ०.७च्या खाली शांत, १.३च्या वर जोरात. सिग्नल फाटला की सगळं सारख्याच उंचीचं होतं, आकडा १जवळ चिकटतो आणि चित्र झोपतं.

डबलबारीत हीच गोष्ट झांजेच्या बाबतीत होते. झांज अखंड वाजते, वरचा पट्टा कायम भरलेला, म्हणून त्याची सरासरीही वर. त्या पट्ट्यावर बेतलेला प्रीसेट घरी टाळ्या मिळवतो आणि मांडवात ढिम्म राहतो. इथे चालतो तो खालचा पट्टा: पखवाजाची कणीक लावलेली डावी पुडी. थाप पडते, विरते, मधे जागा सुटते. प्रीसेटची फाइल नोटपॅडमध्ये उघडते. त्यात 'पर फ्रेम'ने सुरू होणाऱ्या ओळींत 'ट्रेब' दिसेल तिथे 'बास' करून बघा, मूळ फाइलची प्रत ठेवून. 'बास'ने चित्र उसळतं. त्यालाच 'अॅट' जोडलेलं रूप तीच हालचाल गुळगुळीत करतं. संथ अभंगाला दुसरं, गजराला पहिलं.

मात्र बुवा बराच वेळ बोलले की सरासरी खाली येते आणि पुढची पहिली थाप पडद्यावर स्फोटासारखी दिसते. त्या वेळेपुरता शांत प्रीसेट लॉक करून ठेवा. लॉकची कळ आवृत्तीप्रमाणे बदलते: मिल्कड्रॉपमध्ये स्पेसबार पुढचा प्रीसेट आणतो, प्रोजेक्टएमच्या डेस्कटॉप रूपात तोच लॉक करतो. घरी एकदा दाबून बघा.

यूएसबी कार्ड जोडल्यावरही पखवाज दिसत नसेल आणि फक्त गाण्यावर चित्र हलत असेल, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या इनपुटची 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करा. नॉइज सप्रेशनला माणसाचा आवाज तेवढा हवा असतो, पखवाज त्याला गोंगाट वाटतो.

रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवताना ब्लूटूथ स्पीकर टाळा. लूपबॅक आवाज लॅपटॉपमध्येच पकडतो, स्पीकर मात्र तो उशिरा वाजवतो, म्हणून चित्र आधी आणि ठेका मागून. वायरने हा घोळ संपतो.

प्रोजेक्टर जोडताना विंडोजची कळ आणि पी दाबून 'एक्स्टेंड' घ्या. एचडीएमआय लावताच विंडोज पुष्कळदा आवाजही प्रोजेक्टरकडे वळवतं आणि लॅपटॉपमधून मिक्सरला जाणारं गाणं मुकं होतं. आउटपुट परत बदला. साधी एचडीएमआय केबल १० मीटरच्या आत ठेवा, लांब केबलवर चित्र लुकलुकतं. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर २.४ मीटर रुंद चित्रासाठी ३.६ मीटर अंतर लागतं. उघड्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर चित्र टाकू नका. लाल चिरा निळा-हिरवा रंग गिळतो आणि भोकाभोकांनी आकार फाटतात. पांढरं सुती कापड ताणून बांधा. झोत मूर्तीवर, माटवीवर (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीवर) किंवा बुवांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे प्रीसेट काढून टाका, अशा उजेडाने काहींना फिट येऊ शकते.

चित्र अडखळत असेल तर रिझोल्यूशन १२८० बाय ७२० आणि मेश, म्हणजे चित्र वाकवणारी जाळी, ३२ बाय २४ करा. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो, ग्राफिक्स मंदावतं आणि तेव्हाही असंच अडखळतं. पॉवर मोड आधीच 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घ्या, झटकन बंद-चालू झालेला दिवा लवकर जातो. भाद्रपदातल्या दमट हवेत थंड लेन्सवर वाफ धरते, म्हणून बारी उभी राहायच्या अर्धा तास आधी प्रोजेक्टर चालू करून ठेवा. लेन्स पुसायची झाली तर चष्म्याच्या फडक्याने पुसा, उपरण्याने नको.