मनोविकार विभागात दाखल झाल्यावर: मुक्कामाचा उपयोग कसा करून घ्यावा

मनोरुग्णालयातून माणूस पूर्ण बरा होऊनच बाहेर पडतो, अशी अपेक्षा ठेवून आत गेलात तर निराशा ठरलेली आहे. दाखल होण्याचा हेतू त्याहून मर्यादित असतो: धोक्याचा काळ सुरक्षित जागी निभावणे, निदान पक्के करणे, कोणते औषध किती मात्रेत सोसते ते पाहणे आणि घरी पाळता येईल असा उपचार ठरवणे. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायलाच साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि अनेकांचा मुक्काम तेवढ्यातच संपतो. त्यामुळे घरी जाताना आपल्या आजाराची किती माहिती सोबत नेता येते, यावर मुक्कामाचे चीज अवलंबून असते.

सामान थोडेच न्यावे. नाडीचे कपडे, पट्टा, ओढणी, दाढीचे ब्लेड, काचेच्या वस्तू आणि चार्जरची वायर बहुतेक वॉर्डांत बाजूला काढून ठेवतात. तो रुग्णावरील अविश्वास नसून सर्वांसाठीचा नियम असतो. चष्मा, जुनी प्रिस्क्रिप्शने, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि चार-पाच महत्त्वाचे फोन क्रमांक कागदावर लिहून न्यावेत, कारण मोबाइल जमा झाल्यावर बहुतेकांना स्वतःच्या भावाचाही क्रमांक आठवत नाही. एक साधी वहीही हवी.

या वहीचा खरा उपयोग राउंडच्या वेळी होतो. डॉक्टर रोज येतात, पण एका खाटेपाशी फार वेळ थांबू शकत नाहीत आणि ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला आपण सवयीने ‘बरं आहे’ असे उत्तर देऊन मोकळे होतो. त्याऐवजी किती तास झोप झाली, जेवण किती गेले, कोणता विचार पुन्हा पुन्हा आला आणि औषधाचा कोणता त्रास झाला, हे आदल्या रात्री लिहून ठेवावे आणि सकाळी तेच वाचून दाखवावे. पेन मिळत नसेल तर सिस्टरांना लिहून ठेवण्यास सांगावे. लवकर घरी जाता यावे म्हणून आत्महत्येचे विचार किंवा कानात येणारे आवाज लपवण्याचा मोह अनेकांना होतो. पण लपवलेल्या लक्षणावर औषध ठरत नाही आणि तोच त्रास घरी गेल्यावर, कोणी जवळ नसताना, पुन्हा उभा राहतो. दारू, गांजा, तंबाखू, घरी सुरू असलेला एखादा काढा हेही सांगावे. दारू रोजची असेल तर ती एकाएकी सुटल्याने फिट येऊ शकते, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळणे आवश्यक असते.

प्रत्येक गोळीचे नाव, ती कशासाठी आहे आणि तिचा त्रास कोणता, हे विचारून घ्यावे. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, सुस्ती हे त्रास बऱ्याचदा चालवून घेता येतात. परंतु अंग आखडणे, मान किंवा जबडा वाकडा होणे, एका जागी बसवतच नाही अशी अस्वस्थता, हे दिसताच त्याच वेळी सांगावे, कारण त्यावर लगेच उपाय करता येतो. विडी-सिगारेटचा संबंध फारसा कोणी समजावून सांगत नाही. धूम्रपानामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन या भास-भ्रमांवरील औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. साहजिकच वॉर्डात धूम्रपान बंद असताना ठरलेली मात्रा घरी पुन्हा सिगारेट सुरू केल्यावर अपुरी पडू शकते. लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारे औषध, सुरू असेल तर उलट धोका असतो: शरीरातील पाणी कमी झाले की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून निर्जळी एकादशी किंवा जुलाब-उलट्या या गोष्टी किरकोळ समजू नयेत.

विद्युत उपचार, म्हणजे ज्यांना लोक ‘शॉक’ म्हणतात, सुचवले गेले तर घाबरून नकार देण्यापूर्वी प्रश्न विचारावेत. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ते देण्यास कायद्याने मनाई आहे. अलीकडच्या काही गोष्टी विसरायला होणे हा त्यांचा नेहमीचा त्रास आहे, म्हणून त्या काळात वही अधिकच उपयोगी पडते.

दुपार लांबते. व्यवसायोपचाराला, म्हणजे हातकामातून केल्या जाणाऱ्या उपचाराला जावे, कॅरम खेळावा. कागदी पिशव्या करणे पोरकट वाटले तरी लक्ष किती वेळ टिकते हे तिथेच कळते, आणि तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे असते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला बरेच अधिकार देतो आणि ते शांतपणे मागितले तर सहसा वाद होत नाही. स्वतःहून दाखल झालेला प्रौढ रुग्ण घरी जाण्याची मागणी करू शकतो. तपासणीसाठी त्याला जास्तीत जास्त 24 तास थांबवता येते. नियुक्त प्रतिनिधीच्या, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावरून झालेली भरती एका वेळी 30 दिवसांपर्यंत असते आणि तिच्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. हा प्रतिनिधी कोण असावा, हे बरे असताना साध्या कागदावर लिहून ठेवता येते. नात्यातला मोठा माणूसच हवा असे नाही, ज्याच्याशी आपले पटते तो असावा. सक्तीने मुंडण करणे, साखळीने बांधणे यांना मनाई आहे आणि आरोग्य विम्यातही मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखीच तरतूद असावी लागते.

डिस्चार्जची तयारी किमान दोन-तीन दिवस आधी सुरू करावी. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचे असतात, याची घरच्यांना कल्पना द्यावी. सोशल वर्करांसमोर कुटुंबाला बसवून आजार उलटत असल्याच्या आपल्या स्वतःच्या खुणा, जसे झोप उडणे, फोन उचलणे बंद होणे किंवा एकदम अवाच्या सवा खरेदी, वहीत लिहून घ्याव्यात आणि त्या दिसल्यावर कोण काय करणार हेही ठरवावे. डिस्चार्ज कार्डावर निदान, औषधांच्या मात्रा आणि ओपीडीची पहिली तारीख आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. गोळ्यांचा महिन्याचा साठा रुग्णाच्या हाती न देता घरातल्या एकाने आठवड्यापुरत्या काढून द्याव्यात. रात्री-अपरात्री मन फार बिघडले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा विनामूल्य क्रमांक 24 तास सुरू असतो. तो वहीच्या पहिल्याच पानावर लिहावा.