अकेडियात कॅडिलॅकवर गाडीने नको, साउथ रिजने चालत जा

बोस्टनकडचे आपले बरेच लोक लाँग वीकेंडला मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कला जातात, पाचेक तास गाडी हाणतात, कॅडिलॅक माउंटनच्या माथ्यापर्यंत गाडीनेच चढतात, फोटो काढून अर्ध्या तासात खाली. मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं. दुसऱ्या वेळी साउथ रिज ट्रेलने चालत गेलो आणि आता कोणी विचारलं की तोच सांगतो, म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधी उंचीचं बोलू. कॅडिलॅक १५३० फूट. आपल्या कळसूबाईच्या एक तृतीयांशसुद्धा नाही, त्यामुळे सह्याद्रीत फिरलेला माणूस आकडा ऐकून हसतोच, पण इथे सुरुवात जवळपास समुद्राच्या लेव्हलला होते म्हणजे बहुतेक सगळी उंची पायांनीच चढायची, आणि जाऊन येऊन ७ मैल, म्हणजे ११ किलोमीटरच्या वर. चढ अंगावर येणारा नाहीये, लांबलचक आहे. रमतगमत ५-६ तास धरा.

परवानगीचा घोळ असा. माथ्यावर गाडी न्यायची तर मेच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत वेगळं रिझर्व्हेशन लागतं, ६ डॉलर, आणि सनराइजचे स्लॉट बघता बघता संपतात. चालत जाणाऱ्याला ते लागत नाही. पार्कचा एंट्री पास मात्र सगळ्यांनाच, गाडीमागे ३५ डॉलर, ७ दिवस चालतो. भारतातून आईबाबा आलेत? मग २०२६ पासून बाहेरदेशच्या पाहुण्यांना १६ वर्षं आणि त्यावरच्या माणशी १०० डॉलर जादा लावलेत, निघायच्या आधी पार्कच्या साइटवर ताजे दर बघून घ्या, गेटवर धक्का नको.

आणि आईबाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर आमची आयडिया वापरा. घरातल्या एकाने दिवसाचं रिझर्व्हेशन काढून त्यांना गाडीने वर न्यायचं, बाकीच्यांनी चालत जायचं, डबा माथ्यावर एकत्र खायचा. रिझर्व्हेशनला आत शिरायची वेळ अर्ध्या तासाची असते पण वर किती थांबायचं यावर बंधन नाही, त्यामुळे चालणारे उशिरा पोचले तरी चालतं. फुकटची आयलंड एक्सप्लोरर बस माथ्यावर जात नाही हे लक्षात ठेवा, दमलो तर वरून बस पकडू असं होणार नाही.

ट्रेल सुरू होतो रूट ३ वरून, ब्लॅकवुड्स कॅम्पग्राउंडच्या फाट्याजवळ. पार्किंग म्हणजे रस्त्याची कडाच, सकाळी ८ च्या आत पोचा. पहिला मैलभर स्प्रूसचं जंगल, मुळं आणि दगड, काही दिसत नाही, लहान मुलं इथेच कंटाळतात. त्यांना थोडं पुढे रेटा, कारण मैलाभराने उजवीकडे ईगल्स क्रॅगचा छोटासा फेरा आहे आणि तिथे एकदम समुद्र उघडतो. तो चुकवू नका.

मग झाडं खुजी होत जातात आणि खाली नुसता गुलाबी ग्रॅनाइट, आपल्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना हा रंग खोटाच वाटतो. कोरडा असेल तर बूट मस्त चिकटतो, ओला झाला की मात्र घसरगुंडी. सावली शून्य, वारा भरपूर, त्यामुळे जुलैमध्येसुद्धा विंडचीटर आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच, वाटेत नळबिळ काही नाही. डब्यात धपाटे बेस्ट, वाऱ्यात हातात धरून खाता येतात. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये कातळाच्या फटीत रानटी ब्लूबेरी लागतात, करवंदांसारखं येताजाता तोंडात टाकायच्या, पिशव्या भरत बसू नका.

वाट कशी ओळखायची? दगडावर निळे पट्टे असतात आणि उघड्या कातळावर लगोऱ्या. या लगोऱ्यांना तिथे बेट्स केर्न म्हणतात, वॉल्ड्रन बेट्स नावाच्या माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी ही पद्धत बसवली: खाली पायांसारखे दोन दगड, त्यावर आडवा सपाट दगड, आणि सगळ्यात वर एक छोटा, तो वाटेची दिशा दाखवतो. आपली हौस म्हणून त्यावर अजून एक दगड ठेवू नका, शेजारी स्वतःची लगोरीही रचू नका. धुकं आलं की मागचा माणूस त्याच लगोऱ्यांवर अवलंबून असतो.

धुकं येतंच. आमच्या वेळी फेदरबेड नावाचं छोटं तळं ओलांडलं आणि दहा मिनिटांत समोरचं काही दिसेना. तेव्हा आम्ही काय केलं, सगळे एका लगोरीपाशी थांबायचं, एकाने पुढे जाऊन पुढची शोधायची, हाक मारायची, मग बाकीचे निघायचे. वेळ लागतो पण चुकत नाही. दोन हाका मारूनही पुढची सापडली नाही तर सरळ मागे फिरा, आलेली वाट निदान माहितीची असते.

माथ्यावर पोचलात की गाड्यांचा आवाज, गर्दी, सीझनमध्ये टॉयलेट आणि छोटं दुकान, जरा विरसच होतो. फ्रेंचमन बे आणि त्यातली पॉर्क्युपाइन बेटं बघून घ्या, डबा खा आणि उठा. आणि आता ती गाडी समोर दिसेल, बाबा म्हणतील बसा रे, सोडतो खाली. बसू नका! चढताना समुद्र पाठीशी असतो, सारखं मान वळवून बघावं लागतं, उतरताना तो साडेतीन मैलांतला बराच वेळ समोर असतो, बेटांसकट. खरा ट्रेल उतरतानाच आहे असं माझं मत झालंय. ऑक्टोबरमध्ये गेलात तर सहाच्या आतबाहेर सूर्य मावळतो, जंगलाचा शेवटचा मैल अंधारात येऊ नये इतक्या बेताने निघा, हेडलॅम्प असू द्या.

खाली आल्यावर पॉपओव्हर (आतून पोकळ, फुगलेला गरम पाव) खायला जॉर्डन पाँड हाउसला जायची पद्धत आहे, जा, फक्त त्यात अंडं असतं हे शाकाहारी मंडळींना आधीच सांगा. आणि जायच्या आधी पँट वर करून पोटऱ्या, गुडघ्यामागे, मोज्यांची कड नीट तपासा, मेनमध्ये गोचीड भरपूर आहेत आणि लाइम नावाचा आजार त्यांच्यामुळेच होतो. मुलांच्या केसांतसुद्धा बघा.