एक पिक्सेल, एक गुंठा

भूगोलात एम.एस्सी. करून पुण्यात जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे हाताळण्याच्या, कामाला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात महाराष्ट्राच्या सीमेचा व्हेक्टर (बिंदू-रेषांनी आखलेला) नकाशा रास्टर (पिक्सेलची जाळी) करायला मिळाला. तो सेंटिनेल-2 या उपग्रहांच्या प्रतिमांसोबत वापरायचा होता, म्हणून पिक्सेल 10 मीटरचा हवा होता. जीडीएएल या नकाशा-सॉफ्टवेअरच्या रास्टराइज कमांडमध्ये रिझोल्यूशनच्या (पिक्सेलच्या आकाराच्या) जागी 10 आणि 10 लिहिलं. क्षणात फाइल तयार झाली. उघडून पाहिली, तर आत एकच पिक्सेल होता आणि त्याचं मूल्य होतं शून्य.

नकाशा अक्षांश-रेखांशांत होता. तिथे 10 म्हणजे 10 मीटर नव्हे, 10 अंश. एक अक्षांश सुमारे 111 किलोमीटरचा. आपलं राज्य पूर्व-पश्चिम सव्वाआठ अंशांच्या आसपास आणि दक्षिणोत्तर साडेसहा अंश, त्यामुळे अख्खा महाराष्ट्र त्या एका चौकोनात मावला. मग शून्य का? रास्टराइज करताना एरवी पिक्सेलचा मध्यबिंदू बहुभुजाच्या आत असेल तरच तो पिक्सेल भरतात. माझ्या पिक्सेलचा मध्य तेलंगणात, तांडूरच्या आसपास पडत होता. हे एका वरिष्ठ ताईंनी कागदावर आकडेमोड करायला लावली तेव्हा कळलं. तेव्हापासून रिझोल्यूशनचा आकडा लिहिण्याआधी मी थराचं (नकाशाच्या फाइलचं) प्रोजेक्शन, म्हणजे निर्देशांक अंशांत आहेत की मीटरांत, उघडून बघते. मीटर हवे असतील तर आधी डेटा यूटीएममध्ये (झोनमध्ये विभागलेल्या, मीटरांत मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये) न्यायचा: 72 ते 78 अंश पूर्व असेल तर झोन 43, त्यापुढे 44. पुणे, कोल्हापूर, अकोला 43 मध्ये येतात. वर्धा, नागपूर, गडचिरोली 44 मध्ये.

पिक्सेल केवढा ठेवायचा हे नव्यांना सगळ्यात अवघड वाटतं. मला त्याचं उत्तर गुंठ्यात सापडलं. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर आणि 10 मीटरचा पिक्सेल म्हणजे 100 चौरस मीटर. म्हणजे सेंटिनेल-2 चा एक पिक्सेल जवळजवळ एक गुंठा. लँडसॅट उपग्रहांचा 30 मीटरचा पिक्सेल नऊ गुंठ्यांचा. कोल्हापूरकडच्या उसाच्या शेतांवर काम करताना हा हिशोब फार उपयोगी पडला. दहा गुंठ्यांचं वावर 30 मीटरवर जेमतेम एका पिक्सेलएवढं उरतं, तिथे पिकाबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. उलट्या बाजूनेही सांभाळावं लागतं. 1:50,000 च्या टोपोशीटवरून (स्थलदर्शक नकाशावरून) आखलेली रेषा अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर जमिनीवर ती 25 मीटर भरते. तिच्यावर 1 मीटरचा पिक्सेल लावला तर फाइल फुगते, माहिती तेवढीच राहते.

फुगते म्हणजे किती, तेही करून बघा. 150 किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनात 10 मीटरने 15,000 गुणिले 15,000, म्हणजे साडेबावीस कोटी पिक्सेल बसतात. दर पिक्सेलला एक बाइट धरला तर 225 एमबी. तोच चौकोन 1 मीटरवर नेला की शंभर पट, साडेबावीस जीबी. डेटा टाइप फ्लोट 64 (दर पिक्सेलला आठ बाइट) राहून गेला तर त्याच्याही आठ पट! पिकांचे वर्ग दहा-बारा असतील तर बाइट पुरतो. सोबत डिफ्लेट कॉम्प्रेशन लावलं की एकसारखे वर्ग असलेली फाइल खूप आटते. साधा टिफ (रास्टरचा नेहमीचा फाइल-प्रकार) 4 जीबीच्या पुढे जात नाही, तेवढी मोठी फाइल होणार असेल तर बिगटिफ सांगावा लागतो.

क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या रास्टराइज खिडकीत एकाच रकान्याचे दोन अर्थ होतात. एकक ‘पिक्सेल्स’ असेल तर आकडा म्हणजे चित्राची रुंदी, ‘जिओरेफरन्स्ड युनिट्स’ असेल तर एका पिक्सेलचा जमिनीवरचा आकार. कमांडमध्ये हेच काम टीएस (चित्राचा आकार) आणि टीआर (पिक्सेलचा आकार) हे दोन पर्याय करतात. माझं मत स्पष्ट आहे: विश्लेषणासाठी नेहमी टीआर वापरा. 150 बाय 120 किलोमीटरच्या क्षेत्राला टीएसने 1000 बाय 1000 सांगितलं, तर पिक्सेल 150 बाय 120 मीटरचा आयताकृती होतो आणि कुठल्याच उपग्रह-प्रतिमेशी जुळत नाही.

आकार बरोबर असूनही जाळी सरकलेली असू शकते. यावर माझे सर्वात जास्त दिवस गेले. विस्तार (क्षेत्राच्या चार कडा) सांगितला नाही तर जाळी तुमच्या थराच्या कोपऱ्यापासून सुरू होते, आणि तो कोपरा कुठेही असू शकतो. सेंटिनेल-2 च्या 10 मीटर पिक्सेलच्या कडा मात्र दहाच्या पटीतल्या निर्देशांकांवर असतात. टीआरसोबत टीएपी हा पर्याय दिला की आपली जाळीही तशीच बसते. 20 बाय 50 मीटरच्या वावरात 10 मीटरचे दहाच पिक्सेल, दोन ओळींत पाच-पाच, त्यातला प्रत्येक कडेचा. जाळी चार मीटर सरकली तर शेजारच्या बांधापलीकडचं पीक आत येतं. आणि ‘ऑल टच्ड’ (बहुभुजाचा स्पर्श झालेला प्रत्येक पिक्सेल भरणारा पर्याय) चालू ठेवलं, तर जाळीशी न जुळलेल्या त्याच वावराला अठरा पिक्सेल स्पर्श करतात. दहा गुंठ्यांच्या शेतकऱ्याच्या नावावर अठरा गुंठे ऊस लागतो. क्षेत्र मोजायचं असेल तर तो पर्याय बंदच ठेवा. रस्ते, ओढे यांसारख्या अरुंद गोष्टी तुटू नयेत म्हणून तो कामी येतो.

फाइल पुढे देण्याआधी मी जीडीएएलइन्फो (रास्टरची माहिती दाखवणारी कमांड) माझ्या आणि उपग्रह-प्रतिमेच्या अशा दोन्ही रास्टरवर चालवते आणि प्रोजेक्शन, पिक्सेलचा आकार, मूळ कोपरा, ओळी-स्तंभांची संख्या शेजारी ठेवून वाचते. मग क्यूजीआयएसमध्ये एकावर एक ठेवून एखाद्या बांधापाशी पिक्सेलचे चौकोन दिसेपर्यंत झूम करते.