पॅडलची रॅकेट घेताय? या चुका टाळा

पहिली चूक ऑर्डर करतानाच होते. पिकलबॉल या खेळाच्या बॅटला म्हणतात ‘पॅडल’, आणि काचेच्या भिंतींच्या कोर्टवर खेळायचा पॅडल हा वेगळाच खेळ, देवनागरीत दोन्ही अगदी सारखेच, त्यामुळे शोधायला गेलं की दोन्हींचा माल एकत्र समोर येतो. ओळखायची खूण सोपी आहे. पॅडलच्या रॅकेटला तारा नसतात, आरपार भोकं असतात, मनगटात अडकवायची दोरी असते आणि जाडी ३८ मिलिमीटरपर्यंत असते. पिकलबॉलची बॅट बिनभोकाची आणि निम्म्याहून पातळ.

पहिल्याच दिवशी डायमंड

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोल्हापुरात तालमीत नव्या पोराच्या हाती कोणी मुद्गलांची थोरली जोडी देत नाही. इथे मात्र पहिलीच रॅकेट डायमंड आकाराची, कार्बनची, आतला फोम कडक अशी घेतली जाते, कारण दिसते भारी.

डायमंडचं वजन डोक्याकडे असतं आणि चेंडू नीट लागण्याची जागा लहान, तीही वरच्या बाजूला. नवख्याचा चेंडू तिथे क्वचितच लागतो. मग रॅकेट मुठीत फिरते आणि हिसका थेट कोपरात जातो. कडक ईव्हीए फोमला चेंडू परतवायला जोरदार स्विंग लागतो. काचेवरून आलेला चेंडू घाईत उचलताना तो जमत नाही, लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून मारायचा उंच चेंडू) अर्ध्यावर पडतो आणि समोरचा स्मॅश मारून मोकळा होतो.

सुरुवातीला गोल आकार, फायबरग्लासचा पृष्ठभाग, मऊ ईव्हीए आणि ३५० ते ३६५ ग्रॅम वजन घ्या. मनगट नाजूक असेल तर ३४० सुद्धा चालेल. रॅलीत दहा-बारा चेंडू सहज परत जायला लागले की गोल आणि डायमंडच्या मधल्या, थेंबाच्या आकाराकडे वळा. बॅडमिंटनवाल्यांनी इथे जास्त जपावं: ८५-९० ग्रॅमच्या रॅकेटची सवय असलेलं मनगट पॅडलमध्येही तसंच झटकलं जातं. खडबडीत पृष्ठभागासाठी जादा पैसे मोजायची तर अजिबात गरज नाही.

फक्त वजन पाहणे

वजनापेक्षा बॅलन्स महत्त्वाचा, आणि तो दुकानातच मोजता येतो. काउंटरवर पेन्सिल आडवी ठेवा, रॅकेट तिच्यावर आडवी तोला, आणि ती स्थिरावते त्या बिंदूपासून मुठीच्या टोकापर्यंत टेप लावा. साधारण २५.५ सेंटिमीटरपर्यंत आलं तर हाताला हलकी, २६.५ च्या पुढे गेलं तर डोकं जड, नेटवर व्हॉलीला (टप्पा पडण्याआधीच मारायच्या फटक्याला) हात उशिरा पोहोचणार. वजनही छापील आकड्यावर सोडू नका, कारण तिथे बहुधा ‘३६०-३७५’ असा पल्ला लिहिलेला असतो. गुजरीतल्या सराफाचा काटा नको, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

घेतल्यावर कडेला संरक्षक पट्टी चिकटवली की हे गणित बदलतं. डोक्यावर १५ ग्रॅमची पट्टी लावली तर बॅलन्स सुमारे ७ मिलिमीटर वर सरकतो, म्हणजे गोल रॅकेट निम्मी डायमंड झाली! उलट मुठीवरची ५-६ ग्रॅमची एक ओव्हरग्रिप तो ३ मिलिमीटरच्या आसपास खाली आणते. डोकं जड वाटणारी रॅकेट विकण्याआधी दोन ओव्हरग्रिप गुंडाळून बघा.

कोपर दुखतंय?

आधी रॅकेटची मूठ तपासा. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. टोकं तळव्याला टेकत असतील तर मूठ बारीक आहे, आणि ती घसरू नये म्हणून तुम्ही नकळत आवळून धरता. ओव्हरग्रिप चढवूनही दुखणं राहिलं तर फोम कडक असू शकतो. तेव्हा रॅकेट बदला, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

गाडीत ठेवणे

एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत रॅकेट राहिली की ईव्हीए मऊ पडतो आणि थरांमधला गोंद ढिला होतो. पुढच्या वेळी तीच रॅकेट ‘मेल्यासारखी’ लागते.

जुनी रॅकेट घेताना म्हणूनच कान लावा. बोटाच्या पेराने पृष्ठभागावर आणि फ्रेमभोवती ठोकत जा. आवाज सगळीकडे सारखा हवा. एखाद्या जागी तो अचानक बसका किंवा खुळखुळणारा आला तर तिथे अंगठा दाबून बघा. पृष्ठभाग आत जाऊन परत वर येत असेल, तर तो फोमपासून सुटलाय. भोकांच्या कडेची बारीक चीरही नखाने चाचपा. तिथे नख अडकलं तर भाव कितीही उतरवून मिळाला तरी घेऊ नका.